उमाटे ग्रेडरचा कापूसबाबा

ग्रेडर बळीराम उमाटे शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहत नसत. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून तोडायचा, धागा उन्हाकडे धरून त्याची लांबी पाहायची आणि ग्रेड सांगायची; तीवरच भाव ठरे. अर्धे मिनिटही लागत नसे. कोणी हुज्जत घातली तर म्हणत, "मी कापूस पायतो, तुह्यं थोबाड नाई." सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हिंगणघाटजवळच्या त्या सरकारी खरेदी केंद्रावर त्यांच्याइतका नकोसा माणूस दुसरा नव्हता. वार्ताहर म्हणून मी हंगामभर तिथे जात असे. मलाही ते आवडत नसत.

त्यांच्या टेबलावर वीतभर उंचीची चिनी मातीची मूर्ती असे. पुलगावहून बदलून गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या सामानातून त्यांनी ती घेतली होती. पांढरी दाढी, भोपळ्यासारखे फुगलेले टकलू कपाळ, एका हातात वाकडी काठी आणि दुसऱ्या हातात टोकाशी लालसर झालेली गोल वस्तू. त्या वस्तूला उमाटे कापसाचे बोंड म्हणत आणि मूर्तीला कापूसबाबा. ज्याचा कापूस खालच्या ग्रेडला टाकत, त्याला बाबापुढे हात जोडायला लावत. "बाबाचं कपाळ पाय. अक्कल तिथं हाय, तुह्या गाडीत नाई." लोक हात जोडत. पावती त्यांच्याच सहीने निघत असे.

नागपूरच्या एका प्राध्यापकांना मी मूर्तीचे वर्णन सांगितले. ते म्हणाले, हा चीनमधल्या ताओ परंपरेतला ऋषी, दीर्घायुष्याचा देव. कपाळ ज्ञानाने आणि वयाने वाढलेले, काठी लांबच्या वाटचालीची. हातातले फळ पीच, आपल्या भागात न पिकणारे. ते खाणाऱ्याला मरण नाही अशी तिकडची समजूत. हे मी उमाट्यांच्या कानावर घातले. मूर्तीवरची धूळ पुसत ते म्हणाले, "आता पेपरवाल्यानं मले बोंड शिकवावं काय?"

त्याच आठवड्यात गिरजाबाई गाडी घेऊन आल्या. कापूस स्वतःच्या शेतातला, स्वतः वेचलेला. यंदा वरची ग्रेड घेऊनच येते, असे त्या गावात सांगून निघाल्या होत्या. उमाट्यांनी खालची सांगितली आणि बाबाकडे बोट केले. गिरजाबाईंनी हात जोडले नाहीत. मूर्ती उचलून फिरवून पाहिली.

"साहेब, जलमभर बोंडं फोडली म्या. बोंडाले चार फाका असते. याले एकच खाच हाय, अन् बुडाले लांब पानं. हे फय हाय, फय."

"बोंडच हाय ते."

"मंग तुमाले माह्या कापसातलं काय दिसन?"

रांग हसली. उमाट्यांनी कबूल केले असते तर तिथेच मिटले असते. त्यांनी बाईंची गाडी रांगेबाहेर काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीवाल्याने टेबलावर पेरू ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने या बोंडाची ग्रेड विचारली. दुसऱ्याने संत्रे ठेवले. पुढच्याने ओंजळभर बोरे. दुपारपर्यंत टेबल भरले. उमाटे खुर्चीत ताठ बसून होते. कापूस हातात आला तरी अंगठे चालत नव्हते. त्यांनी सांगितलेली ग्रेड त्यानंतर कोणी मानेना. मी बातमी दिली, ती चौकटीत छापून आली. चार दिवसांत त्यांना ग्रेडिंगवरून काढून वजनकाट्यावर बसवण्यात आले.

गिरजाबाईंचा कापूस नव्या ग्रेडरने पुन्हा तपासला. तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने गाडीच्या चार कोपऱ्यांतून कापूस काढला, धागा तोडला, उन्हाकडे धरला आणि तीच खालची ग्रेड सांगितली. गिरजाबाई पावती घेऊन गेल्या.

उमाटे काट्यावरून पाहत होते. मला त्यांनी बोटाने जवळ बोलावले.

"धागा आखूड व्हता तिचा," ते म्हणाले. "हे बी छापजो."

मी ते छापले नाही. उमाटे काट्यावरूनच निवृत्त झाले. त्या भागात अजून त्यांचे नाव निघते ते फळाला बोंड म्हणणारा ग्रेडर म्हणून.