रात्री फोन कुठी निजला होता?

आर्णीच्या बसस्टँडामागे रहमतभाईंचं दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि दिवसभराची कटकट. आधी त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग ही मोबाइलची पीडा आली. माणूस तोच राहिला, हातातला स्क्रूचा पेचकस तेवढा बारीक होत गेला. स्वभाव असा कडू की गिऱ्हाइकालाच झापायचे, आणि तरी गिऱ्हाईक त्यांच्याकडेच यायचं.

त्यांची एक रीत होती. फोन हातात आला की लगेच उघडायचा नाही. आधी विचारायचं, "रात्री कुठी निजला होता हा?" कोणी म्हणे उशीखाली, कोणी म्हणे चुलीजवळ. एका बहाद्दरानं तर पोरांपासून लपवून पिठाच्या डब्यात ठेवला होता. अर्धी दुरुस्ती त्या उत्तरातच व्हायची.

त्या साली कापसाचा भाव जो बसला, तो उठायचं नाव घेईना. तेव्हाची गोष्ट. सकाळी सकाळी विमलताई आल्या. जवळच्याच खेड्यातल्या, सदाशिवराव म्हणून शेतकरी, त्यांच्या घरच्या. पदरात फोन गुंडाळलेला, डोळे सुजलेले.

"रहमतभाई, हा मेला! रातभर चार्जिंगले लावला, सकायी पाह्यतो तं काहीच नाही. तिकडच्या दुकानात म्हणते बोर्ड गेला, आठ दिवसांनं या. आठ दिवस! माही निकिता पुसदले हाय, सासरी. दिवस भरले तिचे. काल संध्याकायी म्हणे, आई, पोटात दुखून राह्यलं."

"मंग माह्या फोनवरून लावा ना!"

"नंबर कोणाले पाठ हाय, भाऊ?"

रहमतभाईंनी विमलताईंचं सिम काढून आपल्या बटणाच्या फोनात घातलं. जुन्या फोनात त्या फोर-जी सिमला रेंज येईना, आणि सिमवर एकही नंबर निघाला नाही, सगळे त्या मेलेल्या फोनातच. तो फोन टेबलावर गप्प पडला होता आणि विमलताई त्याच्याकडे बघत बसल्या होत्या.

"पण पयलं बायंतपण ना? मंग पोरगी माहेरी काहून नाही आणली?" रहमतभाईंनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांना वाटलं, काय जीभ आहे ही आपली!

"कुठी आणू? घरात कापूस, आढ्यापर्यंत. भाव येईन म्हणून ठेवला, चार महिने झाले. आंग खाजवून खाजवून जीव जाते. त्यात बायंतीण कुठी निजवू?" बोलता बोलता त्यांनी पदर तोंडाला लावला.

रहमतभाईंनी आपला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. त्यांच्यासाठी ते फारच झालं. मग खाकरून म्हणाले, "रात्री हा कुठी निजला होता?"

"तिथंच. कापसाच्या ढिगावर. दुसरी जागाच नाही."

"अन् दिवसा?"

"वेचाले गेली का कमरेच्या ओटीत, कापसासंगंच."

"अस्सं!" त्यांनी चार्जरची पिन फोनात घातली, नखानं दाबून पाहिली. जवारीच्या दाण्याएवढी बाहेरच राहत होती. मग टोपीत खोचलेली सुई काढली. ती हुस्नाबीची, त्यांच्या बायकोची, गोधडी शिवायची. रोज चोरायचे, रोज शिव्या खायचे. चष्मा कपाळावर सारला, फोन नाकाशी धरला आणि हलक्या हातानं टोकरायला लागले. आधी एक धागा आला. मग बोंडातून सुटावा तसा दाबून बसलेला कापसाचा बोळा अख्खा बाहेर आला.

"हा पाहा तुमचा बोर्ड!" ते गरजले. "पिन टेकतच नव्हती. उपाशी मेला बिचारा!"

चार्जर लावला. पाच मिनिटं काही नाही. विमलताईंनी हात जोडले, रहमतभाईंनी मनात अल्लाचं नाव घेतलं आणि वरून उगाच रस्त्यावरच्या ऑटोवाल्याला झापून घेतलं. मग पडद्यावर उजेड आला. सिम परत बसलं आणि फोन थरथरायला लागला. रात्री निकितानं केलेल्या अकरा फोनांचे मेसेज.

विमलताईंनी लावला. पलीकडून आधी रडणं ऐकू आलं, इवलंसं, चिडकं. मग निकिता. "आई, पोरगी झाली, पहाटे. कुठी होती व तू? मी किती हाका मारल्या."

विमलताईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "इथंच होती मी, बाई," एवढंच म्हणाल्या, तेही तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ऐकू गेलं.

फोन ठेवून त्यांनी तो बोळा उचलला, चिमटीत धरून बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या कापूसवाल्या देवीलालचा फोन नंबर हाय तुमच्यापाशी? लावून द्या. आजच कापूस उचल म्हणा."

"अन् भाव?"

"मरू द्या तो भाव! सव्वा महिन्यानं पोर घरी येईन माही."

रहमतभाईंचे डोळे भरून आले. सुईच्या टोकाकडे बघायचं निमित्त करून त्यांनी ते पुसले आणि नंबर फिरवला. घंटा वाजत होती तेवढ्यात दरडावून म्हणाले, "अन् हा फोन आता रात्री कुठी निजन?"

"खुंटीवर, पिशवीत," विमलताई म्हणाल्या. "खाली नात निजन."