तिसऱ्या खिळ्यावरचा बिल्ला

रूळ जिथे संपतात त्या मोठ्या स्टेशनात नऊ गेटं होती, चौतीस माणसं होती आणि सगळ्यांच्या वर एक लाकडी पाटी होती. पाटी बाईंच्या ताब्यात. आज कोण कुठल्या गेटवर, हे त्या सकाळी ठरवत आणि ज्याचा त्याचा पितळी बिल्ला त्या गेटच्या खिळ्याला अडकवत. कुणी तोंडी विचारायला आलं की त्या नुसतं पाटीकडे बोट दाखवायच्या. घरी नवरा म्हणायचा, इथेही एक पाटी लाव, म्हणजे आज भांडी कुणाकडे ते तरी कळेल.

गेटचं काम त्यांना शिकवलं काकांनी. काका म्हणजे तीन नंबरचं गेट, इतकं ते समीकरण पक्कं. गाडी झाडून होईपर्यंत गेटचा दांडा उचलायचा नाही, आणि उचलण्याआधी रांगेच्या पायांकडे लक्ष ठेवायचं. पाय चुळबुळत असले तर थांबायचं, शांत झाले की सोडायचं. एकोणीस वर्षांपूर्वी हे शिकलेल्या बाई आता त्यांच्या वरिष्ठ होत्या. चारचौघांत काका त्यांना ‘तुम्ही’ म्हणत आणि एकट्यात ‘तू’. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

रोज आल्यावर काका पाटीवरून हात फिरवायचे. पहिल्या खिळ्यापासून सुरू करून आपल्या बिल्ल्यापाशी थांबायचे, त्याची तुटकी कड चाचपायचे आणि गेटकडे निघायचे. काका पाटीला गोंजारतात, अशी बाकीच्यांची चेष्टा चालायची. बाईंना मात्र ते आवडायचं. म्हाताऱ्याचा पाटीवर जीव आहे, असं त्यांना वाटायचं. कधीकधी माणसाला इतकं सरळ दिसत असतं आणि कळत काही नसतं.

मग राखीव म्हणून दोन नवी माणसं आली. त्यांच्यासाठी खिळा हवा होता. पाटीच्या शेवटी जागा नव्हती, म्हणून बाईंनी तो सुरुवातीला ठोकला आणि वर खडूने ‘राखीव’ लिहिलं. बाकी खिळ्यांवरचे गेटांचे आकडे जिथल्या तिथे होते. ज्याला वाचता येतं त्याची गफलत होण्याचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका चार नंबरच्या गेटवर जाऊन उभे राहिले. तिथल्या माणसाला वाटलं, बाईंनी मदतीला पाठवलं असेल. पाटीच्या शब्दावर शंका घ्यायची तिथे कुणाला सवयच नव्हती. तीन नंबरवर अकरा मिनिटं कुणीच नव्हतं. लोकांनी दांडा स्वतःच उचलला आणि डब्यांत झाडणं चालू असतानाच आत घुसले. दारात उभी असलेली सफाईवाली धक्क्याने फलाटावर पडली. तिचं मनगट मोडलं.

संध्याकाळी रिकाम्या खोलीत बाई पाटीपुढे उभ्या राहिल्या. डोळे मिटून त्यांनी पहिल्या खिळ्यापासून बोटं फिरवली. एक, दोन, तीन, चार. चौथ्यावर तुटक्या कडेचा बिल्ला लागला. काका पाटी वाचत नव्हते, खिळे मोजत होते. म्हणजे इतके दिवस काका तिकिटंही वाचत नव्हते. ‘कुठे निघालात?’ म्हणून जो प्रेमळ प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे, ज्याचं सगळं स्टेशन कौतुक करायचं, तीच त्यांची तपासणी होती.

खरं लिहावं तर पाच महिने उरलेले असताना काकांना घरी बसवतील. बाईंनी रात्रभर विचार केला नाही; तिथेच बसून सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला की बिल्ला चुकीच्या खिळ्यावर त्यांनीच लावला होता. एकोणीस वर्षांतली पहिली चूक, आणि तीही न केलेली.

सकाळी साहेबांनी तो कागद वाचला आणि खणातून दुसरा काढून त्याच्याशेजारी ठेवला. त्यातली अक्षरं अंगठ्याएवढी होती आणि ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या. ‘बाईंनी बिल्ला बरोबर लावला होता. मला दिसत नाही. मी लपवलं.’

“हा काल दुपारीच आला,” साहेब म्हणाले. “दोन्ही काही खरे असणार नाहीत. एक परत घेऊन जा.”

बाईंनी आपला कागद उचलला. त्यांना रडू आलं, आणि साहेबांपुढे आलं याची लाजही वाटली नाही. मग डोळे पुसून त्या हट्टाने तिथेच बसून राहिल्या. काकांचं गेट जाणार हे त्यांनी मान्य केलं, पण रांगेचं काम मागून घेतलं. तिकीट बघायचं नाही, दांड्याला हात लावायचा नाही. फक्त लोकांना आपापल्या रांगेत लावायचं. साहेबांनी बरीच कुरकुर करून ते दिलं.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा खोलीत दोघंच होती. बाईंनी त्यांचा हात धरून पहिल्या, नव्या खिळ्यावर ठेवला. तुटकी कड बोटांना लागली.

“हा खिळा तुम्हाला सांगायला हवा होता, काका,” बाई म्हणाल्या. “माझंच चुकलं.”

“नाही सांगितलंस ते बरं झालं,” काका म्हणाले. “सांगितलं असतंस तर मी आणखी पाच महिने निभावून नेलं असतं. मग मनगटावर भागलं नसतं.”

बाहेर रांगेची चुळबुळ सुरू झाली होती. काका कान देऊन थोडं थांबले आणि मग बाहेर गेले.