पाच वॅटचा डबा

मी कवळ्या बनवतो. दवाखान्यामागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि मी त्यांना दात बसवत असतो. त्या कामात माझ्याविषयी कुणाची तक्रार नाही. गिटारच्या बाबतीत मात्र मी एका समजुतीवर अर्धं आयुष्य काढलं: वाजवतो मी उत्तम, दोष सगळा अँप्लिफायरचा.

तो होताही तसाच. तरुणपणी अंगात वारं भरलेलं असताना घेतलेला, शंभर वॅटचा, कपाटाएवढा. मैदान हलवायची त्याची ताकद आणि आमचं घर दोन खोल्यांचं. बटण एकच्या पुढे सरकलं की वरच्या मजल्यावरचे काका जमिनीवर काठी आपटायचे. एकवर ठेवलं की सर्दी झाल्यासारखा आवाज यायचा.

म्हणून मी पाच वॅटचा छोटा अँप्लिफायर आणला, ट्यूबवाला. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. त्यांना पुरतं राबवलं तरच आवाज भरतो, कडेला जरासा फाटतो, आणि त्या फाटण्यावर माझ्यासारखी खुळी माणसं जीव टाकतात. मोठ्या अँप्लिफायरला तिथवर न्यायचं तर गाव सोडावं लागेल. हा घरातल्या घरात बटण शेवटपर्यंत फिरवून मनसोक्त गातो. तार हलक्या हाताने छेडली तर गोड, जोरात ओढली तर खरखरीत. काका अजून काठी आपटतात, पण आता तालावर. बायकोने त्याचं नाव ‘डबा’ ठेवलं. नळ्या तापेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं, म्हणून ग्रुपने माझं नाव ‘थांबा-थांबा’ ठेवलं.

ग्रुप आमचा तिघांचा. औषधवाला गातो, टायरवाला ड्रम बडवतो आणि रविवारी दुपारी त्याच्या दुकानाच्या माळ्यावर आम्ही जमतो. एका रविवारी औषधवाल्याने मला बाजूला घेतलं.

“राग मानू नकोस, पण तुझ्यामुळे गाणं अडखळतं रे. हा कार्यक्रम होऊ दे, मग बघू.”

‘मग बघू’चा अर्थ मला चांगला कळतो. गिऱ्हाइकाची कवळी फारच हलायला लागली की मीही तेच म्हणतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रविवारची दुपार काढून घेतली तर माझ्याकडे उरतं काय? जबडे!

कार्यक्रम होता इस्पितळाच्या हॉलमध्ये, तिथल्याच कर्मचाऱ्यांसाठी. साउंडवाला डब्यापुढे माइक लावायला आला तर मी हात आडवा घातला. खऱ्या ट्यूबच्या आवाजाला मध्यस्थ लागत नाही, असं मी कुठेसं वाचलं होतं आणि फारच मनावर घेतलं होतं.

“काका, ड्रमपुढे हे ऐकू यायचं नाही,” तो म्हणाला.

“ज्यांना कान आहेत त्यांना येईल,” मी म्हणालो. काय तो थाट!

बायको पडद्याआड, डब्याला जवळजवळ खेटून, माझं जॅकेट सांभाळत बसली होती. मी बटण शेवटाला नेलं आणि जीव ओतून वाजवलं. टाळ्या थांबेनात. औषधवाल्याने मला मिठीच मारली.

“आज जमलं! एक सूर इकडचा तिकडे नाही. तू राहतोयस. आणि कायम असंच वाजव.”

मी हवेत. तेवढ्यात टायरवाला ड्रम आवरता आवरता म्हणाला, “खरं सांगू? मला तुझं काहीच ऐकू आलं नाही. पण काय मस्त वाजलं रे आज!”

मी तरी शहाणपणाने गप्प बसावं की नाही? दाराशी एका नर्सबाईंना थांबवून विचारलं, गिटार कशी वाटली.

“गिटार पण होती का?” त्या म्हणाल्या. अगदी मनापासून.

डबा गाडीत ठेवला आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसताच बसलो. लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

“जाऊ दे,” मी बायकोला म्हणालो. “ठेवलं ना ग्रुपमध्ये! ऐकू आलं नाही तेच बरं झालं.”

“मला आलं की. मी डब्यापाशीच होते.”

“मग?”

“बऱ्याच ठिकाणी चुकलात.” तिने जॅकेटची घडी घातली, पुन्हा मोडली. “शेवटच्या गाण्याला मात्र मला भरून आलं हो. पुढच्या वेळी माइक लावून घ्या.”

“अगं, मग काढून टाकतील मला!”

“टाकू देत. ऐकून तरी टाकतील.”

मी गाडीतून उतरलो आणि औषधवाल्याला खरं काय ते सांगायला परत हॉलमध्ये गेलो.