तीन दिवे आणि एक ट्रक

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी पांढरकवड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. गावात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. तरीही मुख्याध्यापकांनी विज्ञान प्रदर्शनात मला विजेचाच विभाग दिला. "बाई, विजेबिगर कसलं विज्ञान?" असं त्यांचं म्हणणं.

हायवेवर स्प्रिंगचा पाटा तुटलेला एक ट्रक दुरुस्तीला उभा होता. ड्रायव्हरनं बॅटरी काढून दिली. "पाटा बसेपर्यंत न्या बाई, पण जित्ती वापस द्या." मिस्त्रीकडून ट्रकचे तीन बल्ब मिळाले.

संध्याकाळी प्रमुख पाहुणे आले. कापसाच्या जिनिंगचे मालक, पांढरी टोपी, कडक इस्त्री. मी तिन्ही दिवे एकापुढे एक, एकसर जोडले होते. ते निखाऱ्यासारखे लालसर दिसत होते.

"हे दिवे उपाशी काहून?" पाहुण्यांनी विचारलं.

"बॅटरीचा दाब तिघांत वाटला जातो," मी म्हटलं.

"वाटून कायले देता? स्वराज्य आलं ना आता! सगळ्याइले पुरं द्या."

मी तारा सोडून दिवे समांतर जोडले. प्रत्येकाला पुरा दाब मिळाला, लख्ख उजेड पडला, टाळ्या झाल्या. ॲमीटरचा काटा मात्र टुणकन पुढे गेला. "आता करंट कितीतरी जास्त जातो. बॅटरी लवकर उतरेल," मी सांगितलं, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मुख्याध्यापक माझ्या कानाशी आले. "साहेबांचं भाषण होईस्तोर राहू द्या. चेहरा दिसला पाह्यजे."

साहेब काटकसरीवर बोलले. भरपूर बोलले. शेवटी दिवे पिवळे पडले, मग लाल, आणि आभारप्रदर्शन अंधारातच झालं.

पाटा बसला होता. ड्रायव्हरनं बॅटरी लावून चावी फिरवली, ट्रक नुसता कण्हला. "बाई, मारून टाकली ना तुम्ही!"

मी पदर खोचला आणि ट्रकला मागून हात लावला. शिक्षक आले, विद्यार्थी आले. पाहुणे बाजूला उभे राहून सूचना करत होते. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

"ओ टोपीवाले भाऊ, बोलून काय राह्यले? हात लावा ना!"

मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण टोपीवाले भाऊ मुकाट्यानं आले. उतारावर इंजिन धडधडलं आणि काळ्या धुरात इस्त्रीचा निकाल लागला.

पुढच्या वर्षी मला वनस्पतींचा विभाग मिळाला. पानं वाळवायला करंट लागत नाही, हे मुख्याध्यापकांनी आधी खात्री करून घेतलं होतं.