नाव कायम

सदर इसम नदीकाठ उद्यानातील आकर्षण क्रमांक सातचा भाग आहे. (क्रमांक सहा: फुलांचे घड्याळ, बंद. क्रमांक आठ: रंगीत कारंजे, दुरुस्तीसाठी बंद.) हुद्दा: पारंपरिक नावाडी, हंगामी. कर्तव्ये: ऐतिहासिक नावेतून बालगोपाळांस फेरी मारून आणणे व त्यांना नदीच्या वारशाची जाणीव करून देणे. पोशाख: निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, डोक्यास लाल रुमाल, खात्याकडून पुरवलेला. इसमाच्या घराण्यात असा पोशाख यापूर्वी कोणी घातल्याचे आढळून येत नाही.

उद्यानात त्याला सगळे कप्तान म्हणत. त्या हाकेत आदर किती आणि टिंगल किती, हे त्याने कधी चाळून पाहिलं नव्हतं. हाकेला ओ द्यायची असते, एवढं त्याला ठाऊक होतं.

उद्यानाचा इतिहास प्रवेशद्वाराशी दगडात कोरलेला आहे: 'येथे पूर्वी ओसाड काठ होता.' त्या ओसाड काठावर लाकडाची वखार होती, कातडी कमावण्याचे हौद होते, धुणं बडवायच्या शिळा होत्या, आणि कप्तानाच्या आजोबांपासूनचा नावेचा धक्का होता. तिथून अर्धं शहर पैलतीरी कामाला जाई. मग पूल झाला आणि नावेत बसायला माणूस मिळेना. वास येतो म्हणून हौद बुजवले, वखार हलवली, शिळा उखडल्या, आणि काठ नीट ओसाड करून झाल्यावर तो ओसाड असल्याचं जाहीर झालं. हिरवळ आली, बाकं आली, गुलाबांचे वाफे आले. वारसा म्हणून कप्तानाची नाव तेवढी खात्याने घेतली आणि तिच्यामागून माणूसही आला, म्हशीबरोबर दावं येतं तसा.

हंगामी म्हणजे दर वर्षी काढायचं आणि दर वर्षी नव्याने घ्यायचं. केस पांढरे झाले तरी कप्तान नवाच होता. त्याला हवं होतं ते एकच, कायम होणं. कायम झालेल्याला रोपवाटिकेमागे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळे, नळ आत. सध्या नवरा-बायको राहत होती ती बायकोच्या चुलतभावाच्या मागच्या खोलीत. भावाच्या मुलाचं लग्न ठरल्यापासून तो येता-जाता भिंतींकडे असा बघे, की भिंतींनाच अवघडल्यासारखं व्हावं.

एके दुपारी उद्यान अधीक्षक बैठकीहून परतताना धक्क्यावर थांबले. कानाचा फोन जरा बाजूला करून म्हणाले, "कप्तान, विषय झाला एकदाचा. नाव कायम होणार." आणि फोन परत कानाला.

"शब्द काय होते?" बायकोने विचारलं. ती भाजी निवडत होती.

"नाव कायम होणार."

"कुणाचं?"

"माझ्या तोंडासमोर उभे राहून शेजाऱ्याचं सांगतील?"

"साहेबलोकांचा काय नेम."

"तुला स्वर्गात नेलं तरी आधी छप्पर गळतं का बघशील."

"बघीनच. पुसायला मीच असणार ना."

पण भाजी तशीच टाकून ती उठली आणि पुढच्या घरात गेली. "दादा, तुमची खोली तुम्हाला लखलाभ. महिनाअखेरीस आम्ही आमच्या क्वार्टरला." इतकी वर्षं गिळलेले टोमणे तिने एका वाक्यात परत केले. दादा म्हणाला, "अगं, घाई काय आहे," आणि संध्याकाळी रंगारी घेऊन आला.

नाव काठावर ओढली तेव्हा कप्तानाला वावगं वाटलं नाही. डांबर लावायला ती दर वर्षी ओढतातच. या खेपेस खाली सिमेंटचा चौथरा होता, तेव्हा त्याला वाटलं, खात्याला उशिरा का होईना अक्कल आली. गवंडी म्हणाला, "चौथऱ्याला पाणी मारत जा, नाहीतर तडे जातील." कायम होणाऱ्या माणसाने अंग चोरू नये, म्हणून कप्तान सकाळ-संध्याकाळ नदीतून बादल्या भरून आणायचा आणि चौथऱ्यावर ओतायचा. चौथरा दगडासारखा झाला. मग नाव त्याला बोल्टांनी आवळली आणि गवंडी ड्रिल घेऊन नावेत उतरला.

"काय करताय?"

"भोकं पाडतोय तळाला. पाणी साचलं की डास होतात."

"नावेला भोकं? बुडेल ती."

"चौथऱ्यावर?" गवंडी हसला. "आता कुठं जाते ती. कायम झाली ना, बैठकीत."

झाली. कप्तानाने तो शब्द मनात दोनदा उलटून पाहिला. अधीक्षक 'होणार' म्हणाले होते, आणि 'होणार'मध्ये बाई, बाप्या, वस्तू सगळी एका बाकावर बसतात. माणसाचं नाव असतं तर कायम झालं असतं. झाली होती ती लाकडाची.

अधीक्षकांनी त्याला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच तो काय ते समजला.

"तुमच्या नावाचा विषयच नव्हता हो," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "आता नावच चालणार नाही म्हटल्यावर नावाडी कुठल्या तोंडाने मागू? वरचे विचारतील, तो करतो काय?"

"बसेन की साहेब. नुसता बसेन, वल्हं धरून."

"बसायला पुतळा येतोय," अधीक्षक म्हणाले. "फायबरचा."

घरी रंगाचा वास होता. दादाने सामान मधोमध ढकलून अर्धी खोली रंगवून घेतली होती. बायको पातेल्यांवर चादर घालत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "नाव म्हणजे कुठलं, एवढं विचारायला जीभ झडली होती?"

"तू विचारलंस, ते तरी कुठं ऐकलं मी."

"जा, दादाला सांगा. म्हणावं, ही बोलली ते चुकून बोलली."

तो गेला. दादाने ऐकून घेतलं, मानही हलवली. "दाजी, मला कळतं हो. पण मुलीकडच्यांना खोली दाखवून झाली."

चौथऱ्यापाशी आता पितळी फलक आहे. शहरातील नावाड्यांची परंपरा येथे सन्मानपूर्वक जतन करण्यात आली आहे, असं त्यावर लिहिलं आहे. नावाडी मेहुणीच्या स्वयंपाकघरात झोपतो, सगळ्यांची जेवणं आटोपली की.