रुपयाले रुपया

दामोदर गेल्याचं मला न्हाव्याच्या खुर्चीत कळलं. अर्धी दाढी झाली होती. वस्तरा पुसता पुसता न्हावी म्हणाला, "भाऊ, तो देवाच्या पेटीतली चिल्लर उचलणारा दामू सकाळीच गेला म्हंते." मी काही बोललो नाही. तोंडाला साबण आहे, हे कारण त्या वेळी मला पुरलं... याला आता दीडेक महिना झाला. माणसामागे गावात एवढंच नाव उरलं, आणि ते खोटं आहे हे डोळ्यांनी पाहिलेला मी एकटाच आहे.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडे. दामोदर माझ्या वर्गातला. वांगी, मेथी पिकवायचा आणि आठवडी बाजारात बसून विकायचा. दिवसभर हातातून सुटे पैसे जायचे, त्यातूनच त्याला टाकसाळीत चुकलेली नाणी शोधायचा नाद लागला. ठसा एका अंगाला सरकलेलं, एक बाजू कोरीच राहिलेलं, कुणी काठाचा घास घेतल्यासारखं. नाणं आलं की वरखाली दोन बोटांत धरून फिरवायचा. मागची बाजू सरळ उभी राहिली तर गल्ल्यात, तिरकी आली तर सदऱ्याच्या खिशात. गिऱ्हाईक खोळंबायचं. "अबे, मेथी दे ना, रुपयाची कुंडली काय पाहून राह्यला?" असं मी म्हटलं की हसायचा.

मोबाइलवर लाखांच्या किमती ऐकून लोक त्याच्याकडे वाकडीतिकडी नाणी आणायचे. भिंगातून बघून तो परत द्यायचा. "हे टाकसाळीत नाही बिघडलं बावा, तुह्या पोराच्या हातोडीनं बिघडलं." एकदा त्यानं स्वतःजवळचा काठ तुटलेला रुपया माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, खरा का कानशीनं घासलेला? मी तुटका भाग निरखू लागलो. "तिथं काय पाह्यतं? समोर पाह्य." तुटक्या जागेच्या बरोबर समोरचा काठ बोथट होता. एका बाजूला धातूच नसला की ठसा बसताना समोरच्या काठावर पुरता दाब येत नाही, तो नीट उठत नाही. कानस मारणाऱ्याला ते साधत नाही, म्हणाला.

मी मारुतीच्या देवळाच्या समितीवर होतो, अजूनही आहे. दानपेटी उघडली की मोजायला दामोदरला मीच बोलवायचो. पहिल्याच वर्षी त्यानं विचारलं, "एखादं चुकलेलं निघालं तं बदलून घेऊ का? रुपयाले रुपया." मी म्हणालो, घे. समितीला विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं, असं वाटलं. त्याची रीत ठरलेली होती. आधी खिशातला रुपया ढिगात टाकायचा, मगच ते नाणं उचलायचं. कधी उलटं केलं नाही.

एका वर्षी समितीतल्या एका नव्या माणसानं फक्त उचलताना पाहिलं. त्यानं दामोदरचा खिसा उलटा करायला लावला. ठसा सरकलेलं एक नाणं निघालं. "देवाचे लाखो रुपये नेऊन राह्यला हा! किती वर्षांपासून?" दामोदर एवढंच म्हणाला, "भाऊले इचारा." सगळे माझ्याकडे वळले. मी त्याच्या बरोबर समोर बसलो होतो. परवानगी माझी होती, म्हणजे वाटाही माझाच, असं लोक म्हणतील... मी म्हणालो, "मोजायच्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं."

त्यानं माझ्याशी भांडण केलं नाही. बाजारात मेथी देत राहिला, वर दोन मिरच्या टाकत राहिला. फक्त माझ्यासमोर पुन्हा कधी नाणं फिरवलं नाही. मी दिलेले पैसे न बघता गल्ल्यात टाकायचा.

तेरावं झाल्यावर मी दामोदरच्या बायकोला, वहिनींना, विचारलं, त्याची नाणी कुठं आहेत? "सारे देवाच्या पेटीत टाकले, भाऊ. लोकायचं तोंड तरी बंद होईन." मी म्हणालो, "वहिनी, ती त्याची होती हो. हक्काची." त्या भांडी आवरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हे तवा बोलाचं होतं."

गेल्या आठवड्यात पेटी उघडली. माझ्या वाट्याच्या ढिगात तो काठ तुटलेला रुपया आला. समोरचा काठ बोथट, तोच. मी खिशातून माझा रुपया काढला. आधी टाकायचा, मग उचलायचा, आणि हे असंच करायचा तो, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं... शब्द तोंडापर्यंत आले होते. "भाऊ, थांबले काऊन?" शेजारच्यानं विचारलं. मी दामोदरचा रुपया ढिगात सारला. थैल्या बांधल्या गेल्या आणि बँकेत गेल्या. आता ते नाणं कुणाच्या हातात असेल, कुणास ठाऊक.

बोलता आलं नाही म्हणून लिहितो आहे. दामोदरनं देवाच्या पेटीतून काही चोरलं नाही. त्यानं दर वेळी आधी टाकलं, मग उचललं. मी पाहत होतो.

माझा रुपया माझ्याकडेच राहिला. मधूनच काढून तो दोन बोटांत धरतो, त्याच्यासारखा फिरवतो. मागची बाजू सरळ उभी राहते. काठ सगळीकडून सारखा आहे. त्या रुपयात काहीच चुकलेलं नाही.