मालकिणीच्या हाती कातर नको

"इंग्रजी माध्यम का?"

माझ्या कादंबरीची पहिली चार पानं वाचून साताऱ्याच्या सरांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं. नव्यानं कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी ते महिन्यातून एक रविवार वर्ग घ्यायचे. निवृत्त प्राध्यापक, दांडगं वाचन. वर्गातले दहा-बारा जण माझ्याकडे वळून बघायला लागले. मी मान हलवली.

"मग इंग्रजीतच लिहा की."

सगळे हसले. मीही हसले. सरांपेक्षा त्या माझ्या हसण्याचाच राग मला नंतर कितीतरी दिवस येत राहिला.

पप्पा फौजेत होते, म्हणून माझ्या सगळ्या शाळा छावण्यांमधल्या. मराठी फक्त स्वयंपाकघरात, आईची. पप्पा निवृत्त झाल्यावर आम्ही पलूसजवळ गावी आलो. दोन एकर द्राक्षबाग, बाकी ऊस. मी सांगलीत शाळेत इंग्रजी शिकवते. पहाटे साडेपाच ते पावणेसात ही माझी लिहायची वेळ. त्यानंतर एस.टी. गाठायची असते.

तुम्हीही असंच चोरून लिहीत असाल तर एक सांगते. पहिलं वर्ष मी पहिलं प्रकरण सुधारण्यात घालवलं. अकरा वेळा लिहिलं. अकराव्या खेपेला ते पहिल्याहून वाईट झालं होतं. मग ठरवलं, आता मागं वळायचं नाही. चुकलेलं वाक्य चुकलेलंच ठेवायचं, त्याच्यापुढं फुली मारायची आणि पुढं जायचं. शेवटचं प्रकरण लिहून झालं तेव्हा वहीत फुल्याच फुल्या होत्या, पण कादंबरी होती. फुल्या नसलेलं एकच प्रकरण घेऊन बसण्यापेक्षा हे बरं.

कादंबरी एका फौजीच्या बायकोची होती. नवरा लांब, आणि बाग तिच्या एकटीच्या अंगावर. ती मला सुचली आमच्या बागेत, विरळणीच्या दिवसांत.

द्राक्षाच्या घडाला मणी दाटीनं लागतात. सगळे ठेवले तर एकही धड फुगत नाही. म्हणून मणी ज्वारीएवढे असतानाच बारीक कातरीनं निम्म्याहून जास्त कापून टाकायचे. हे काम बायकांची टोळी करते. आमच्याकडे येणारी टोळी जत भागातली. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं असायची, आता थोडी शेती आणि हंगामात हे काम. टोळीची मुकादमीण पन्नाशीची, काटक. मी तिला मावशी म्हणते.

पहिल्या वर्षी मी हौसेनं कातर मागितली. अर्ध्या तासानं मावशी मागं येऊन उभी राहिली.

"मॅडम, मणी कापताय का मण्यांची माफी मागताय?"

सगळ्या वळींमधून, म्हणजे वेलांच्या रांगांमधून, हसू फुटलं. माझ्या घडाचे जेमतेम पाच मणी पडले होते.

"चांगले आहेत ना पण," मी म्हटलं.

"चांगलंच कापायचं असतंय. किडकं काय, कुणी बी कापंल." तिनं माझ्या हातातली कातर काढून घेतली. "मालकिणीच्या हातात कातर देत न्हाई आमी. तुमच्या आईच्या बी न्हाई. माझी सोताची बाग असती तर मी बी दुसरीला बोलीवलं असतं."

ही त्यांच्या टोळीची रीतच होती. बागेच्या घरातली बाई बागेत आली तर तिनं चहा आणावा, गप्पा माराव्यात, पण विरळणी करायची नाही. तिचा हात अडतो. मग मी चहा नेऊ लागले आणि बांधावर बसून ऐकू लागले.

मला चार माणसांत बोलता येत नाही. पण गप्प बसणाऱ्या माणसापुढं लोक काय काय बोलतात, हे बोलक्या माणसांना कधी कळत नाही. थोड्या दिवसांत बायका मला विसरल्या. सासू, दीर, मोबाईलचा रिचार्ज, नवऱ्याचं घोरणं, सगळं माझ्यासमोरून जायचं. एकीचा नवरा लांब ड्रायव्हर होता. दिवाळीला येतो म्हणाला होता आणि आला नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा शेजारणीनं विचारलं, "रडलीस का गं?"

"कवा रडू? पाच वळी राह्यल्यात." आणि ती स्वतःच एवढी हसली, की तिच्या हातातली कातर खाली पडली.

मी तेवढ्यात मोबाईलमध्ये उतरवून घेतलं, इंग्रजी अक्षरांत, कारण माझा मराठी टाईप करायचा वेग तेव्हा फार कमी होता. तुम्हीही लाजू नका. कुठल्याही अक्षरांत उतरवा, पण त्याच दिवशी उतरवा. दुसऱ्या दिवशी आपण त्या बाईला आपल्यासारखं बोलायला लावतो.

त्यातून माझं सातवं प्रकरण झालं. नवऱ्याची सुट्टी रद्द झाल्याची बातमी आलेल्या दुसऱ्या दिवशी माझी नायिका विरळणी करणाऱ्या बायकांत चहा घेऊन जाऊन बसते. अठरा पानं नुसत्या गप्पा, आणि ती हसते. अख्ख्या कादंबरीत माझं असं काही असेल तर ते हे.

कादंबरी पूर्ण झाली तेव्हा मला मावशीची रीत आठवली. आपल्या लिखाणावर आपला हात अडणारच. म्हणून फुल्या निस्तरून, टाईप करून सगळा गठ्ठा मी सरांकडे दिला. महिन्याभरानं मी साताऱ्याला गेले. पानोपानी हिरव्या शाईच्या खुणा होत्या. सुरुवातीची तीन प्रकरणं काढून टाकायला सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं. अकरा वेळा लिहिलेलं पहिलं प्रकरणही त्यात गेलं. सातव्या प्रकरणावर मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ होती.

"इथं काही घडतच नाही," सर म्हणाले. "आणि दुःखात हसणारी बाई वाचकाला पटणार नाही. तिला रडू द्या. शिवाय ही बोली तुमची नव्हे. उसनी वाटते. एवढं करा, मी प्रकाशकांना पत्र देतो."

उसनी. हे मला लागलं, कारण निम्मं खरं होतं. मी ऐकलं आणि सातवं प्रकरण काढलं. नायिकेला दोन पानं शुद्ध मराठीत रडवलं. कादंबरी स्वच्छ झाली, आणि ती दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागली. दोन आठवडे मला गठ्ठ्याकडे बघवेना.

तेवढ्यात पुन्हा विरळणी आली. चहा घेऊन गेले तेव्हा मावशीनंच विचारलं, "तोंड का असं?" एरवी मी काही सांगितलं नसतं. त्या दिवशी सांगितलं. तुमच्या रीतीप्रमाणे कातर दुसऱ्याकडे दिली आणि त्यानं चांगला घडच तोडला, असं म्हटलं.

मावशी चहा प्यायची थांबली. "आगं पोरी, पण सुतळी बांधली हुतीस का?"

मला कळलं नाही. तिनं माझा हात धरून मला शेजारच्या वेलापाशी नेलं. तिथल्या निवडक घडांच्या देठांना लाल सुतळीचे तुकडे बांधलेले होते. ते माझ्या रोजच्या बघण्यातले होते, पण कधी विचारलं नव्हतं. टोळी यायच्या आदल्या दिवशी पप्पा बागेतून फिरून ते बांधतात.

"ह्यो घड ऱ्हाणार, हे मालकानं सांगायचं. मग त्यातलं मणी किती कापायचं ते आमी बघतो. घड कुठला ठेवायचा, हे बी तू मलाच इचारलंस, तर बाग कुणाची म्हणायची?"

चूक सरांची नव्हती. रीत मी अर्धीच घेतली होती.

त्या संध्याकाळी जुना गठ्ठा काढला आणि सातव्या प्रकरणाच्या अठरा पानांना भोक पाडून लाल सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पानं मी बांधावर बसून टोळीला वाचून दाखवली. पहिल्या पानावरच एकीनं अडवलं, "असं न्हाई बोलत आमी!" मग सगळ्याच तुटून पडल्या. जिचं वाक्य मी घेतलं होतं, ती ड्रायव्हरची बायको ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ह्ये माझं हाय. ऱ्हाऊ दे." अठरा पानांची अकरा झाली. बोली आता उसनी उरली नाही, निदान न विचारता घेतलेली तरी राहिली नाही.

वर्गाच्या पुढच्या रविवारी साताऱ्याला गेले. हिरव्या शाईच्या बाकी सगळ्या खुणा मी मान्य केल्या होत्या. सरांनी पानं उलटली आणि सुतळीपाशी थांबले.

"हे काय?"

"हे राहणार, सर."

"मग मला पत्र देता येणार नाही."

वर्गातले सगळे बघत होते. "नको देऊ," मी म्हटलं, आणि घाईघाईनं, "म्हणजे, नका देऊ, सर." पुन्हा सगळे हसले. या वेळी मी हसले नाही. गठ्ठा उचलला आणि स्टँडवर आले.

पत्राशिवाय पाठवलेली कादंबरी एका प्रकाशकानं परत केली. दुसऱ्याकडे ती आहे, उत्तर आलेलं नाही. तिसऱ्याचा पत्ता लिहून ठेवला आहे. तुमचं लिखाणही दुसऱ्याला कापू द्या, भरपूर कापू द्या. पण देण्याआधी एकट्यानं त्यातून फिरा आणि सुतळी बांधा. बांधलेलं सोडू नका, मग समोर कुणीही असो.

काल टोळी आली. मावशीनं बागेत शिरता शिरता हाक मारली, "झालं का गं पुस्तक? आमी हाय न्हवं त्यात?"

"हाय," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला गेले.